मागून रेटा, पुढे मान

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला सहकाऱ्याने हात धरून पुढे ओढले, तर पंच पिवळा रुमाल टाकतात आणि संघाला दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर, मागे जावे लागते. त्याच सहकाऱ्याने त्याला मागून ढकलले, तर मात्र खेळ चालू राहतो. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये हा भेद २००५ पासून आहे. त्याआधी दोन्हींना मनाई होती. ढकलणे सुरक्षित ठरले म्हणून ती उठली नाही. घोळक्यात कोण कोणाला ढकलतो हे ठरवणे पंचांना अवघड जात होते, म्हणून उठली.

या सवलतीचा पुरेपूर फायदा फिलाडेल्फिया ईगल्स या संघाने २०२२ पासून घेतला. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. शेवटचा एखादा यार्ड उरला की क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स खाली वाकून समोरच्या भिंतीत घुसतो आणि दोन-तीन सहकारी त्याला मागून रेटतात. ‘टश पुश’ नावाने ही चाल गाजली. तिला रोखण्यासाठी ग्रीन बे पॅकर्सने मांडलेला प्रस्ताव मे २०२५ मध्ये मतदानाला आला. ३२ पैकी २४ मते हवी होती, २२ मिळाली. चाल कायम राहिली.

मूळ मनाईमागे मोठी किंमत मोजलेली होती. १८९२ मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध पाचरीच्या आकारात एकत्र धावून जाण्याची ‘फ्लाइंग वेज’ ही रचना वापरली. दोन वर्षांत तिच्यावर बंदी आली, पण घोळक्याने रेटण्याचे इतर प्रकार चालूच राहिले. १९०५ च्या हंगामात ‘शिकागो ट्रिब्यून’ने १८ मृत्यू मोजले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितले. पुढे १९१० मध्ये चेंडूधारकाला ढकलणे, ओढणे आणि एकमेकांना धरून त्याच्यासाठी वाट काढणे निषिद्ध झाले.

यामागचे शरीरशास्त्र समजायला कठीण नाही. मानेच्या मणक्यांना नैसर्गिक बाक असतो. त्यामुळे डोक्यावरचा आघात काही प्रमाणात स्नायू आणि अस्थिबंध झेलतात. डोके पुढे झुकले की हा बाक नाहीसा होतो, मणके सरळ रेषेत येतात आणि सगळा भार थेट त्यांच्यावर पडतो. डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी अशा दुखापतींची देशव्यापी नोंद ठेवून ही यंत्रणा दाखवून दिली. डोके पुढे करून धडक मारण्यावर १९७६ मध्ये शालेय व महाविद्यालयीन खेळात बंदी आली. त्या वर्षी हातपाय कायमचे निकामी झालेले ३४ खेळाडू नोंदले गेले होते. पुढच्याच वर्षी ही संख्या १८ वर आली.

एकटा खेळाडू आदळतो तेव्हा त्याचे स्वतःचे वजन आणि वेग एवढाच भार असतो. मागून रेटा असेल तर तो थांबल्यावरही भार वाढत राहतो. खच्चून भरलेल्या लोकलच्या दारातली स्थिती आठवावी. मागून रेटणाऱ्याला पुढच्याची मान कोणत्या कोनात अडकली आहे हे कळत नाही.

२०२४ च्या हंगामात या चालीतून एकही दुखापत नोंदली गेली नाही, असे लीगने सांगितले. ही माहिती महत्त्वाची आहे, पण तिचा अर्थ मर्यादित आहे. संख्याशास्त्राचा एक साधा नियम सांगतो की, शंभर प्रयत्नांत एकही अपघात झाला नाही, तरी खरा धोका शंभरात तीनपर्यंत असू शकतो. हजार प्रयत्न निर्धोक गेले, तर हजारात तीनपर्यंत. घोटा मुरगळण्याच्या बाबतीत एवढी अनिश्चितता चालेल; मज्जारज्जूच्या बाबतीत नाही. शिवाय २०२३ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने हीच चाल करून पाहिली, तेव्हा त्यांचे दोन खेळाडू जखमी झाले होते.

एका संघाने कौशल्याने घोटवलेली चाल बंद करणे अन्यायाचे ठरेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच नियम एखाद्या चालीविरुद्ध नसावा. चेंडूधारकाला ओढूही नये आणि ढकलूही नये, हे २००५ पूर्वीचे बंधन सर्वांना सारखेच लागू होईल. पंचांची जुनी अडचणही इथे फारशी उरत नाही, कारण ढकलणारे खेळाडू चेंडू सुटण्याआधीच क्वार्टरबॅकच्या मागे दबा धरून उभे असतात. टीव्हीवर पाहिलेली चाल शाळकरी मुले दुसऱ्या दिवशी मैदानावर करून पाहतात, आणि त्यांच्या माना व्यावसायिक खेळाडूंइतक्या कमावलेल्या नसतात. निदान त्यांच्यासाठी तरी, पहिल्या गंभीर दुखापतीची वाट न पाहता लीगने हे बंधन परत आणावे.