प्रिंटर बदलण्याआधी फाईल तपासा

रत्नागिरीच्या बाजारपेठेत ज्याला कागद लागत नाही असा धंदा आज क्वचितच सापडेल. कापडाचे दुकान असो, हार्डवेअर असो, मिरकरवाड्याचा मासळीचा व्यवहार असो की बाहेरगावी पेट्या पाठविणारा आंबा बागायतदार असो, बिल, दरपत्रक, लेबल किंवा बँकेचा कागद यांपैकी काही ना काही रोज छापावे लागते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाल्यावर नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मालाच्या करबिलाच्या तीन प्रती कराव्या लागतात : एक गिऱ्हाइकाची, एक वाहतूकदाराची व एक स्वतःची. साहजिकच पुष्कळ व्यापारी बांधवांनी व कारागिरांनी घरात एक लहान प्रिंटर घेऊन ठेवला आहे.

परंतु टेम्पो दारात उभा असताना नेमका हा प्रिंटर अडून बसतो. पडद्यावर बिल व्यवस्थित दिसते, कागद मात्र बाहेर येत नाही. आला तर कोरा येतो किंवा त्यावर भलतीच अक्षरे उमटतात. मग आधी शाईचे नवे काडतूस येते, नंतर मेकॅनिक येतो आणि शेवटी नवा प्रिंटर येतो. त्यावरही तीच फाईल छापली जात नाही तेव्हा डोळे उघडतात. आमचे मत असे की, यातला पुष्कळसा खर्च फुकटचा आहे आणि थोड्या माहितीने तो टाळता येतो.

दोष कोठे आहे ते आधी ठरवा

वैद्य जसा आधी नाडी पाहतो, तशा येथे तीन परीक्षा कराव्यात. पहिली, बहुतेक प्रिंटरवर बटणे दाबून संगणकाशिवाय चाचणीचा कागद काढता येतो, तो काढावा. तो स्वच्छ आला तर प्रिंटर व शाई ठीक आहे. दुसरी, त्याच संगणकावरून दुसरी एखादी साधी फाईल छापावी. ती छापली गेली तर संगणक व प्रिंटर यांचा संबंधही शाबूत आहे. तिसरी, अडलेली फाईल दुसऱ्या संगणकावरून छापून पाहावी. तेथेही अडली तर दोष फाईलमध्ये आहे हे निश्चित समजावे. या तिन्हींना दहा मिनिटे पुरतात व पैसा लागत नाही.

दुसरी परीक्षा फसली तर रांग पाहावी. एखादे जुने काम अडकले की त्यामागची सगळी खोळंबतात आणि आपण घाईने पुन्हा पुन्हा ‘प्रिंट’ दाबून रांग वाढवीत बसतो. सर्व कामे रद्द करून प्रिंटर व संगणक दोन्ही बंद करून पुन्हा सुरू करावेत. त्याचबरोबर काम कोणत्या प्रिंटरकडे चालले आहे तेही पाहावे. संगणकात कागदाऐवजी पीडीएफ फाईल तयार करणारा एक नावापुरता प्रिंटर असतो. तो निवडलेला असेल तर कागद कसा येणार?

आपल्याकडील वीज आणि पावसाळा

वाय-फायवर चालणाऱ्या प्रिंटरची एक खोड आपल्या भागात विशेष जाणवते. वीज जाऊन आली की राउटर नव्याने सुरू होतो आणि कधी कधी प्रिंटरला नवा पत्ता देतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद धाडीत राहतो, आणि पडद्यावर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो. जाणत्या माणसाकडून प्रिंटरचा पत्ता एकदा कायम करून घ्यावा. नाहीतर सरळ यूएसबीची तार वापरावी. एका टेबलावरच्या धंद्याला तीच बरी.

दुसरी गोष्ट कोकणच्या हवेची. पावसाळ्यात उघडा पडलेला कागद दमट होतो, पाने एकमेकांना चिकटतात व दोन-तीन पाने एकदम ओढली जाऊन अडकतात. म्हणून कागदाचा गठ्ठा वेष्टनातच ठेवावा व लागेल तेवढाच बाहेर काढावा. उलट शाईचा प्रिंटर बरेच दिवस बंद राहिला तर शाईची बारीक छिद्रे सुकून बुजतात. आठवड्यातून एक रंगीत पान काढीत गेल्यास हे टळते. छिद्रे साफ करण्याची सोय प्रिंटरमध्ये असते, पण तिला शाई पुष्कळ लागते. तेव्हा ती ऊठसूट वापरू नये.

अक्षरांचा घोटाळा

आता फाईलकडे वळू. मराठी व उर्दूत काम करणाऱ्या आपल्या लोकांना सर्वांत जास्त छळणारा प्रश्न फाँटचा आहे. डीटीपीच्या आरंभीच्या काळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी व सी-डॅकची आयएसएम यांवर मराठी मजकूर तयार होऊ लागला. त्या जुन्या फाँटमध्ये ‘क’ हे अक्षर संगणकाच्या लेखी ‘क’ नसतेच. इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी मराठी आकार बसविलेला असतो. तो फाँट ज्या संगणकावर नाही तेथे फाईल उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि दिसते तेच छापले जाते. उर्दूचीही तीच कथा. नूरी नस्तालीक १९८१ मध्ये वापरात आला व पुढे इनपेजमुळे उर्दू छपाई कातिबाच्या लेखणीतून संगणकावर आली, ही मोठीच सोय झाली. पण इनपेजची फाईल घरच्या वर्डमध्ये उघडत नाही, मग छापणार काय?

यावर दोन उपाय आहेत. नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहावा. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे व आजचे सर्व संगणक आणि मोबाईल तो ओळखतात. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेता येतो, पण बदलल्यावर जोडाक्षरे, ‘ळ’ आणि ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ डोळ्यांखालून घालावा. दरपत्रकातले आकडे तर दोनदा तपासावेत. दुसरा उपाय पीडीएफचा. फाँट आत बसवून पीडीएफ केली की ती कोठेही जशीच्या तशी छापली जाते. तरीही अडली तर पीडीएफ छापण्याच्या चौकटीत ‘चित्र म्हणून छापा’ अशी सोय बहुधा असते, तिने काम निभते.

फाईल मोबाईलवरून पाठविताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. फोटो म्हणून पाठविली की ती आकसते व बारीक अक्षरे पुसट होतात. पेन ड्राइव्हवरची फाईल आधी संगणकात उतरवून घ्यावी, मग छापावी. कागदाचे मापही पाहावे. आपला ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. फाईल अमेरिकी ‘लेटर’ मापाची असेल तर प्रिंटर त्या मापाचा कागद मागत थांबून राहतो.

फाईल कोणाची?

आमच्या मते खरा प्रश्न इथे आहे. आपला व्यापारी लेटरहेड, बिलबुक, लेबल डीटीपीवाल्याकडून करून घेतो, पैसे मोजतो, छापील कागद घेऊन येतो आणि फाईल त्याच्याकडेच राहते. पुढे फोन नंबर बदलायचा झाला, दर बदलायचा झाला की पुन्हा त्याच्याच दारात जाऊन बसावे लागते. त्याचा संगणक बिघडला किंवा त्याने दुकान बंद केले तर वर्षानुवर्षांचे काम बुडाले. स्वतःच्या दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवण्यासारखेच हे आहे.

डीटीपीवाल्याचीही बाजू आहे, ती नाकारून चालणार नाही. तोही आपल्यातलाच कारागीर आहे. मांडणी ही त्याची मेहनत, आणि फाईल दिली की गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही त्याची भीती अगदीच खोटी नाही. यावर मार्ग असा की काम देतानाच बोलून घ्यावे. फाँट बसविलेली पीडीएफ व युनिकोडमधला मजकूर गिऱ्हाइकाला मिळावा. मांडणीची मूळ फाईल हवी असल्यास तिचे वेगळे पैसे ठरवावेत आणि ते खुशीने द्यावेत. जो डीटीपीवाला असे करील त्याच्याकडे गिऱ्हाईक विश्वासाने परत येईल. अडवून ठेवलेले गिऱ्हाईक पहिली संधी मिळताच निघून जाते, हे दुकानदारांना आम्ही सांगावे असे नाही.

फसव्या मदतीपासून सावध

एक इशारा देणे जरुरीचे आहे. प्रिंटर अडला की लोक इंटरनेटवर कंपनीचा मदत क्रमांक शोधतात. तेथे ठकांनी आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. पलीकडचा माणूस गोड बोलून संगणकाचा ताबा मागतो व बँकेच्या खात्यावर हात मारतो. क्रमांक नेहमी प्रिंटरच्या खोक्यावरचा किंवा हमीपत्रावरचाच घ्यावा व अनोळखी माणसाला संगणकाचा ताबा कदापि देऊ नये. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

ज्यांच्या घरी शिकणारी मुले-मुली आहेत त्यांनी या तीन परीक्षा त्यांना शिकवाव्यात व दुकानाच्या सर्व कागदांची एक पीडीएफ प्रत संगणकात आणि एक वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे. हंगाम सुरू होण्याआधी एका रविवारी हे काम उरकले, तर टेम्पो दारात असताना मेकॅनिकची वाट पाहण्याची पाळी येणार नाही.