पॅनेल सरकारचे, अंधार गरिबाचा

गावात सौरदिवे येतात त्या दिवशी फीत कापली जाते, भाषणे होतात, छायाचित्रे निघतात. दोन-तीन पावसाळे उलटल्यावर तेच दिवे रात्री आठलाच मालवू लागतात आणि एके दिवशी लागतच नाहीत, तेव्हा त्या घराकडे कोणी फिरकत नाही. कचेरीत ‘पुरवठादाराकडे तक्रार करा’ असे उत्तर मिळते. पुरवठादाराचा दूरध्वनी लागत नाही. दप्तरात मात्र ते घर ‘विद्युतीकरण झालेले’ म्हणून कायमचे नोंदलेले असते. दिवा विझला तरी आकडा विझत नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेत, जेथे वीजतारा पोचणे अशक्य अशा दुर्गम घरांना २०० ते ३०० वॅटचा सौरसंच देण्याची तरतूद होती: बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा, एक प्लग आणि पाच वर्षे देखभाल-दुरुस्ती. ही पाच वर्षांची मुदत नीट पाहण्यासारखी आहे. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे चालते. शिसे-आम्लाची बॅटरी मात्र तीन ते पाच वर्षांतच थकते. म्हणजे खर्चाचा भाग जेव्हा मरणपंथाला लागतो, नेमकी तेव्हाच कंत्राटदाराची जबाबदारी संपते. २०१९ मध्ये बसलेल्या संचांची ही मुदत २०२४ मध्ये संपली.

वस्तुतः चार्ज न होणाऱ्या संचातील बिघाड शोधणे ही काही गूढविद्या नव्हे. काही शे रुपयांचा मल्टिमीटर आणि स्वच्छ उन्हाची एक दुपार एवढ्यावर ते काम होते. बारा व्होल्टचे म्हणून विकल्या जाणाऱ्या छत्तीस सेलच्या पॅनेलच्या तारा सोडवून भर उन्हात मोजल्या, तर वीस ते बावीस व्होल्ट दिसावयास हवेत. हा आकडा फसवाही असतो. सैल जोडातूनही मीटर पूर्ण व्होल्ट दाखवतो, प्रवाह मात्र वाहत नाही. म्हणून प्रत्येक जोड हलवून, आवळून पाहिला पाहिजे. काचेवर धुळीचा थर असेल, किंवा दोन वर्षांत वाढलेल्या शेवग्याच्या फांदीची सावली एका कोपऱ्यावर पडत असेल. सेल एकापुढे एक जोडलेले असल्याने थोडीशी सावलीही बरीच वीज खाते. पुढे फ्यूज, आणि मग बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी-हिरवट भुकटी.

बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून मोजली असता १२.६ व्होल्टच्या वर असेल तर ती भरलेली; १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. तिच्यात शुद्ध पाणीच, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरच, घालावे लागते. हापशाच्या पाण्यातले क्षार तिला मारतात, हे बसवणाऱ्याने सांगितलेलेच नसते. सर्वांत फसवी गत कंट्रोलरची. बॅटरी फारच उतरली की पुष्कळ कंट्रोलर तिला ओळखत नाहीत. ऊन असते, पॅनेल धडधाकट असते, तरी चार्जिंग सुरूच होत नाही. घरची माणसे समजतात, पॅनेल गेले. ज्याला नवे पॅनेल विकायचे असते तोही तसेच सांगतो. अशी बॅटरी बाजारच्या गावी नेऊन एकदा बाहेरून चार्ज केली, आणि तिने भार धरला, तर तोच संच पुन्हा चालू लागतो. सोडवताना आधी पॅनेल, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. हा क्रम चुकला तर कंट्रोलर जळण्याचा धोका. आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ विडी नको, तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो.

यातले काय असे आहे, जे दहावी नापास मुलाला किंवा निरक्षर बाईला कळणार नाही? राजस्थानातील तिलोनिया येथे बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये उभारलेल्या बेअरफूट कॉलेजने खेड्यांतल्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बायकांना सौरतंत्रज्ञ केले. आफ्रिकेतून आलेल्या आज्यांनाही खुणा आणि रंगांच्या भाषेत सहा महिन्यांत शिकवले. तरीही ‘हे तज्ज्ञांचे काम’ म्हणणारे थकत नाहीत. खोक्यावर सील, सील तोडल्यास हमी रद्द, माहितीपत्रक इंग्रजीत: या तीन कुलपांमागे ज्ञान नसून कंत्राट लपलेले असते. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेती-अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांची निवड झाली. पाड्यावरच्या दिव्याचे नाव त्या यादीत वेगळे आले नाही.

फेब्रुवारी २०२४ च्या ‘सूर्य घर’ योजनेत ७५,०२१ कोटी रुपये आणि एक कोटी घरे यांचा घोष झाला. तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. पण ते वीजजोडणी आणि पक्के छप्पर ज्याच्याकडे आधीच आहे त्याला. ज्याच्याकडे तारच पोचली नाही, त्याचा थकलेला संच या हिशेबाबाहेरचा.

दोष एकट्या सरकारच्या माथी मारून चालणार नाही. लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला; त्यांचे नाव घेणारे आजही मोर्चात पॅनेल मागतात, फ्यूज मागत नाहीत. कौलावरचे यंत्र कितीही छोटे असले तरी ते उघडण्याची मुभा ज्याला नाही, त्याला ते गिरणीइतकेच परके. ‘लाभार्थी’ या शब्दातच ही मेख आहे: त्याने घ्यावे, सही करावी आणि गप्प बसावे.

यापुढील प्रत्येक निविदेत चार गोष्टींची मागणी पक्षाच्या शाखांनी लावून धरावी. जोडणीचा नकाशा मराठीत आणि स्थानिक बोलीत. सुटे फ्यूज आणि डिस्टिल्ड वॉटर संचासोबतच. बॅटरी बदलण्याची रक्कम पहिल्या दिवसापासून ग्रामसभेच्या खात्यात, कंत्राटदाराच्या नव्हे. आणि पाड्यागणिक दोन प्रशिक्षित बायका, त्यांचा मेहनताना कंत्राटाच्याच पैशांतून. तोवर प्रत्येक तालुका शाखेने एक मल्टिमीटर विकत घ्यावा आणि पुढील बैठकीत ठरावाआधी एखाद्या बंद पडलेल्या संचाचे व्होल्ट मोजावेत.