किताब काकाला, लेकीला आठवणी

२०२४ साली ब्रिटनमधल्या मजूर पक्षाच्या सरकारनं एक विधेयक मांडलं. तिथल्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे हाऊस ऑफ लॉर्ड्‌समध्ये, केवळ वाडवडिलांच्या पुण्याईवर बसणाऱ्या उमरावांना बाहेर काढायचं, असं ते विधेयक. १९९९ च्या कायद्यानं अशा शेकडो उमरावांना घरी पाठवलं होतंच, पण तडजोड म्हणून ९२ जागा शिल्लक ठेवल्या होत्या. आमच्या घरी सकाळच्या चहाला यावर चर्चा झाली, 'बघा, इंग्रजसुद्धा घराणेशाही मोडायला निघाले!' मी मात्र बातमीत दुसरंच शोधत होते. त्या जागांवर तेव्हा बायका किती होत्या? एकही नाही.

यात नवल काहीच नाही. थोडे जुने किताब सोडले, तर इंग्लंडमध्ये किताब बापाकडून थोरल्या मुलाकडे जातो. मुलगा नसेल तर भावाकडे, पुतण्याकडे, अगदी दूरच्या चुलत भावाकडे. लेक घरात असून नसल्यासारखी. आणि पूर्वी किताबामागोमाग वाडा, जमीनजुमला सगळंच जायचं.

मला हे प्रथम कळलं ते कॉलेजात असताना, सॅकव्हिल-वेस्ट घराण्यामुळे. केंट परगण्यातला त्यांचा नोल नावाचा वाडा म्हणजे एक गावच. वर्षाचे दिवस तेवढ्या खोल्या, असं म्हणतात. या घराण्यातले दुसरे बॅरन लायोनेल यांनी पेपिता नावाच्या स्पॅनिश नर्तिकेबरोबर संसार केला. मुलंबाळं झाली, पण लग्न झालेलं नव्हतं, कारण पेपिताचा पहिला नवरा हयात होता. त्यांची मुलगी व्हिक्टोरिया हिनं १८९० मध्ये आपल्या सख्ख्या चुलत भावाशी लग्न केलं. (ही पद्धत आपल्याला जरा विचित्र वाटते, पण तिथे चालायचं.) १९०८ मध्ये बॅरन वारले आणि किताब पुतण्याकडे, म्हणजे जावयाकडेच आला.

तेव्हा व्हिक्टोरियाचा सख्खा भाऊ हेन्री कोर्टात गेला. आईबापांचं लग्न झालं होतं, मी औरस मुलगा आहे, किताब आणि नोल माझं, असा त्याचा दावा. आता बघा त्या बाईची पंचाईत! भाऊ औरस ठरला असता तर तीही औरस ठरली असती, पण घर गेलं असतं. घर राखायचं तर आपल्या आईचं लग्न झालंच नव्हतं, हे भर कोर्टात सिद्ध व्हायला हवं. १९१० मध्ये हेन्री हरला. व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा नोलला परतले, तेव्हा लोकांनी घोडे सोडून त्यांची बग्गी हातानं ओढत नेली. तिला त्या बग्गीत बसून काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

एवढं करून राखलेलं घर पुढे गेलं कुणाकडे? व्हिक्टोरियाला एकच मूल, व्हिटा, जन्म १८९२. नोलवर तिचा जीव. तिथल्या इतिहासावर तिनं १९२२ मध्ये पुस्तक लिहिलं. पण १९२८ मध्ये वडील गेले आणि किताब, वाडा दोन्ही काकाकडे गेलं. त्याच वर्षी तिची मैत्रीण व्हर्जिनिया वूल्फ हिनं 'ऑर्लँडो' कादंबरी तिला अर्पण केली. त्यात नायक मध्येच बाई होतो आणि त्याचं घर कोर्टकज्ज्यात अडकतं. व्हिटानं १९३० मध्ये सिसिंगहर्स्टची पडकी वास्तू विकत घेतली आणि नवऱ्याबरोबर तिथे बाग फुलवली. आज ती बाग जगप्रसिद्ध आहे.

हे सगळं जुन्या काळचं, असं वाटत असेल तर पुढचं ऐका. याच घराण्याचे सहावे बॅरन २००४ मध्ये वारले. त्यांना पाच मुली. किताब गेला पुतण्याकडे!

आमच्या मंडळाकडे वारसाची प्रकरणं येतात. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, तरी 'माहेर तुटायला नको' म्हणत हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बायका मी पाहते. आपल्याकडे निदान कायदा तरी बाजूनं आहे. तिथे तोही नाही.

बरं, कायदा वाकवता येत नाही असंही नाही. आपले शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांना दोन मुलीच होत्या. १९४७ मध्ये त्यांना अर्ल केलं, तेव्हा मुलींनाही तो किताब मिळेल अशी खास तरतूद केली. १९७९ मध्ये त्यांच्या हत्येनंतर थोरली पॅट्रिशिया काउंटेस झाली आणि १९९९ पर्यंत लॉर्ड्‌समध्ये बसलीसुद्धा. राजगादीचं तर २०१३ च्या कायद्यानं बदललंच. २०११ नंतर जन्मलेल्या राजकन्येला धाकट्या भावामागे सरावं लागत नाही. त्यामुळे २०१८ मध्ये प्रिन्स लुई जन्मला, तरी शार्लटचा क्रम कायम राहिला.

म्हणजे राणी होता येतं, बॅरन होता येत नाही! २०२४ च्या विधेयकात खुर्च्या काढायचं होतं, मुलीला किताब द्यायचं कुठेच नव्हतं.