चेहऱ्याचें औषध आणि पोटाची तक्रार

डोकें दुखलें म्हणजे डोक्याची गोळी, ताप आला म्हणजे तापाची गोळी, आणि तोंडावर पुटकुळ्या उठल्या म्हणजे तोंडाची गोळी, असें आपण सहज बोलून जातों. ह्या बोलण्यांत एक भ्रम दडलेला आहे. गोळीस नांव कोणत्याही अवयवाचें दिलें, तरी तिचा मार्ग एकच असतो. ती घशांतून अन्ननलिकेंत, तेथून जठरांत व आंतड्यांत उतरते, आणि त्यानंतरच रक्तावाटे इष्ट स्थळीं पोंचते. चेहऱ्यासाठीं घेतलेल्या औषधाचा पहिला यजमान पोट हेंच होय. आणि आलेला पाहुणा यजमानास मानवला नाहीं, तर तो कुरकुर करणारच.

ही कुरकुर ऐकावयाची कोणीं व सांगावयाची कोणास, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं तारुण्यपिटिकांसाठीं डॉक्टरांनीं लिहून दिलेल्या औषधानें पोटांत होणारा त्रास ही लपविण्याची किंवा मुकाट्यानें सोसण्याची गोष्ट नसून वेळींच सांगण्याची गोष्ट आहे. आणि ती सांगितली जात नाहीं, ह्याचें मुख्य कारण मुलांचा निष्काळजीपणा नव्हे, तर त्यांच्या मनांत घातलेली लाज हें होय.

प्रथम ह्या व्याधीचें स्वरूप पाहूं. बारा ते चोवीस वर्षें वयाच्या सुमारें ८५ टक्के मुलामुलींस ती थोडीबहुत होतेच. वयांत येतांना शरीरांतील कांहीं अंतःस्राव वाढतात, त्यांच्या योगानें त्वचेंतील तैलग्रंथी अधिक तेल निर्माण करूं लागतात, केसांच्या मुळांशीं असलेलीं सूक्ष्म रंध्रें बुजतात, तेथें नेहमींच वस्ती करून असणारे जंतु माजतात, आणि दाह होऊन पुटकुळी उठते. ह्यांत मुलाच्या आचरणाचा दोष नाहीं, आणि 'पोट साफ नसल्याचा' तर मुळींच नाहीं. तथापि घरोघरीं हेंच शेवटचें कारण सांगितलें जातें, व एरंडेल, त्रिफळा इत्यादि रेचकांचा मारा सुरू होतो. वर्गांत सोबती टोपणनांवें ठेवतात. लग्नकार्यांत आत्याबाई किंवा मामी सर्वांदेखत मुलीची हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवितात आणि 'हें काय ग करून घेतलेंस?' म्हणून विचारतात. ज्या व्याधीविषयीं अशी विचारपूस होते, तिच्या औषधाविषयीं मूल मोकळेपणानें कसें बोलेल?

आतां औषधांकडे वळूं. किरकोळ पुटकुळ्यांस वरून लावावयाचें मलम पुरतें. दाह अधिक असल्यास डॉक्टर पोटांत घेण्याचें जंतुनाशक औषध देतात. त्यांपैकीं टेट्रासायक्लिन वर्गांतील औषधें प्रमुख होत. ह्या वर्गांतील पहिलें औषध बेंजामिन डग्गर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें मातींतील एका सूक्ष्म जीवापासून मिळविलें, व तें १९४८ सालीं जगापुढें आलें. आज ज्याचा विशेष उपयोग होतो तें डॉक्सिसायक्लिन अमेरिकेंत १९६७ सालीं मान्यता पावलें. कोठें कोठें ॲझिथ्रोमायसिनही दिलें जातें. ह्यांनींही न हटणाऱ्या, खोल गांठी व कायमचे व्रण करणाऱ्या विकारासाठीं आयसोट्रेटिनॉइन हें 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळांतील औषध आहे. त्यास तेथें १९८२ सालीं मान्यता मिळाली. हीं सर्व गुणकारी औषधें आहेत. आणि प्रत्येकाचें पोटाशीं कांहीं ना कांहीं देणेंघेणें आहे.

डॉक्सिसायक्लिनचा पहिला उपद्रव पोटाच्याही आधीं, अन्ननलिकेंत होतो. पुष्कळ मुलें रात्रीं निजतांना ही गोळी घोटभर पाण्याबरोबर, किंवा कोणी पाहील म्हणून अंधारांत कोरडीच, गिळतात आणि लागलीच आडवीं होतात. गोळी अशा वेळीं अन्ननलिकेच्या भिंतीस चिकटून बसते व तेथेंच विरघळते. तिचें पाणी आम्लधर्मी असल्यामुळें त्या जागीं व्रण पडतो. दुसऱ्या दिवशीं छातीच्या मधोमध टोंचल्यासारखें होतें, घास उतरत नाहीं, पाणी पितांनाही वेदना होते. मूल घाबरतें, कित्येकदां घरांतील माणसें हृदयविकाराच्या शंकेनें धांवपळ करितात. आणि हें सर्व टाळण्यास काय लागतें? पेलाभर पाणी, बसून किंवा उभें राहून गिळणें, आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवें न होणें. एवढें पथ्य सांगण्यास अर्धें मिनिट पुरतें. परंतु गोळीच लपून घेतली जात असेल, तर तें सांगावें कोणास?

दुसरा उपद्रव मळमळ, उलटी व पोटांत कळा येणें हा होय. रिकाम्या पोटीं हें औषध बऱ्याच जणांस झोंबतें. सकाळीं कांहीं न खातां शाळेस धांवणारीं मुलें आणि उपवासाच्या दिवशींही गोळी न चुकविणारीं माणसें ह्यांस तें विशेष जाणवतें. डॉक्सिसायक्लिन थोड्या अन्नाबरोबर घेतल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो. परंतु येथें आपल्या घरांतील एक प्रेमळ चूक आड येते. 'औषध उष्ण पडलें' असें म्हणून आई वर पेलाभर दूध पाजते. दुधांतील चुना, म्हणजे कॅल्शियम, ह्या वर्गांतील औषधांस बांधून टाकतो व त्यांचा कांहीं अंश शोषला न जातां तसाच बाहेर जातो. मूळच्या टेट्रासायक्लिनच्या बाबतींत हा तोटा फार मोठा, डॉक्सिसायक्लिनच्या बाबतींत त्याहून कमी, परंतु असतो खरा. पित्तावर घेतलेलीं आम्लनाशक औषधें व लोहाच्या गोळ्या ह्यांचाही परिणाम असाच होतो. आज कित्येक शाळांतून मुलामुलींस आठवड्यास एक लोहाची गोळी मिळते. ती अवश्य घ्यावी. मात्र दोहोंमध्यें कित्येक तासांचें अंतर असावें, आणि आपण दुसरें कोणतें औषध घेत आहों हें डॉक्टरांस आधीं सांगावें. नाहीं तर पोटाचा त्रास पदरीं पडून चेहऱ्याचा लाभ मात्र हुकावयाचा.

तिसरा उपद्रव जुलाबांचा. आपल्या आंतड्यांत असंख्य उपयुक्त सूक्ष्म जीव सुखानें नांदत असतात. जंतुनाशक औषध शत्रु आणि मित्र असा भेद जाणत नाहीं. त्यामुळें ही वस्ती विस्कटते व शौचास पातळ होऊं लागतें. बहुधा हें सौम्य असतें. परंतु क्वचित् प्रसंगीं मित्रजंतु नाहींसे झालेल्या त्या ओसाड जागेंत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नांवाचा दुष्ट जंतु माजतो, व दिवसांतून अनेक वेळां जुलाब, ताप, पोटांत तीव्र वेदना, प्रसंगीं रक्त, अशीं लक्षणें दिसतात. औषध थांबविल्यावर कांहीं आठवड्यांनींही हें उद्भवूं शकतें. अशा वेळीं दुकानांतून जुलाब बांधण्याची गोळी आणून घेणें धोक्याचें आहे. डॉक्टरांकडेच गेलें पाहिजे. आणि येथेंच ती जुनी समजूत घात करिते. 'पुटकुळ्या पोटांतील घाणीनें येतात' असें ज्यास लहानपणापासून सांगितलें गेलें, त्यास जुलाब होऊं लागले म्हणजे आनंदच वाटतो. घाण निघून जात आहे, औषध लागू पडलें, असें तो समजतो. आणि जी खूण धोक्याची, तीच गुणाची मानून बसतो. चुकीच्या कारणावर विश्वास ठेवल्यानें केवळ ज्ञानाची हानि होते असें नाहीं. देहाचीही होते, तें असें.

आयसोट्रेटिनॉइनची कथा निराळी आहे. तें स्निग्ध पदार्थांत विरघळणारें असल्यामुळें त्याचा नेहमींचा प्रकार उपाशी पोटीं घेतल्यास निम्म्याहूनही कमी शोषला जातो. म्हणून तो जेवणाबरोबर घ्यावयाचा असतो. ओंठ कोरडे पडणें हा त्याचा सर्वांस ठाऊक असलेला परिणाम. परंतु तें रक्तांतील चरबी वाढवूं शकतें व यकृतावरही ताण आणूं शकतें. म्हणूनच डॉक्टर आरंभीं व मधून मधून रक्त तपासण्यास सांगतात. चरबी फार वाढल्यास क्वचित् स्वादुपिंडास सूज येते. वरच्या पोटांत असह्य कळ उठून ती पाठीकडे जाणें व सारख्या उलट्या होणें हें तिचें लक्षण. त्या वेळीं औषध थांबवून तत्काळ रुग्णालय गांठावें. ह्या औषधानें आंतड्याचा जुनाट दाह जडतो असा आरोप करून अमेरिकेंत पुष्कळ खटले झाले, आणि मूळ उत्पादकानें २००९ सालीं आपला 'ॲक्युटेन' हा माल तेथील बाजारांतून काढून घेतला. पुढें झालेल्या मोठ्या अभ्यासांतून असा कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाहीं. तरी शौचावाटे रक्त पडल्यास किंवा जुलाब न थांबल्यास तें डॉक्टरांच्या कानीं घातलेंच पाहिजे. पोटाशीं संबंध नसलेली, परंतु सर्वांत गंभीर अशी आणखी एक गोष्ट येथें सांगणें आमचें कर्तव्य आहे: गर्भारपणांत हें औषध पोटांत गेल्यास गर्भास भयंकर व्यंगें येतात. म्हणून मोठ्या बहिणीस दिलेली गोळी धाकटीनें किंवा वहिनीनें हौसेनें घेणें हा निव्वळ अविचार होय.

हें सर्व वाचून कोणी म्हणेल, 'मग असलीं औषधें घ्यावींच कशाला? वय सरलें कीं पुटकुळ्याही सरतील.' हा उपदेश ऐकावयास सोपा, परंतु न्याय्य नाहीं. पुष्कळांच्या पुटकुळ्या वयाबरोबर जातात हें खरें. पण ज्यांच्या गालांवर खोल गांठी उठतात, त्यांच्या चेहऱ्यावरील खड्डे वयाबरोबर जात नाहींत. आणि चेहरा लपवीत बांकावर मागें बसणाऱ्या, स्नेहसंमेलनांत रंगभूमीवर पाय ठेवण्यास नकार देणाऱ्या, छायाचित्राच्या वेळीं हळूच निसटणाऱ्या मुलाचें जें एक वर्ष जातें, तें त्यास कोण परत देणार? आम्ही औषधाच्या विरुद्ध नाहीं. आम्ही मुक्या औषधाच्या विरुद्ध आहों. त्रास न सांगतां गोळी गिळीत राहणें जसें अयोग्य, तसेंच त्रास होतांच कोणास न कळवितां ती फेंकून देणें हेंही अयोग्य. गुण दिसण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यांतील मळमळीस भिऊन औषध सोडणाऱ्यास गुण येणार तरी कसा? डॉक्टरांस कळलें, तर ते वेळ बदलतील, मात्रा बदलतील, नाहीं तर औषधच बदलतील. उपाय अनेक आहेत; परंतु ते सर्व सांगण्यापासून सुरू होतात.

दुकानदाराच्या फळीवरून चिठ्ठीवांचून गोळ्या आणण्याची रीतही आतां थांबली पाहिजे. ज्या वेष्टनावर तांबडी उभी रेघ असते, तें औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून घ्यावयाचें नाहीं, अशी ती खूण आहे. मित्रास गुण आला म्हणून त्याची उरलेली पट्टी घेणें, किंवा तीन महिन्यांचें जंतुनाशक आपल्याच मतानें वर्षभर चालविणें, ह्यानें पोट तर बिघडतेंच. शिवाय जंतु त्या औषधास सरावतात, आणि पुढें खऱ्या दुखण्यांत तें निरुपयोगी ठरतें.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस आमचें सांगणें एवढेंच, कीं डॉक्टरांसमोर बसाल तेव्हां तीन प्रश्न अवश्य विचारा: ही गोळी जेवणाआधीं कीं नंतर, हिच्याबरोबर काय वर्ज्य, आणि कोणता त्रास झाल्यास लगेच यावें. जुलाब, उलटी हे शब्द उच्चारण्यांत असभ्य असें कांहीं नाहीं. डॉक्टरांच्या खोलींत तर ते अत्यंत सभ्य शब्द होत. आणि पालकांस व आमच्या सहकारी शिक्षकबंधुभगिनींस विनंती अशी, कीं मुलाच्या चेहऱ्यावर टीका करण्याऐवजीं त्याचा डबा परत भरलेला कां येतो, तो तासाला दोनदां बाहेर कां जातो, ह्याची एकांतांत प्रेमानें चौकशी करावी. तास चालू असतांना बाहेर जाण्याची परवानगी मागणाऱ्या मुलास सर्वांदेखत कारण विचारूं नये. चेहऱ्यावरील डाग बुजविणें हें वैद्यांचें काम आहे. त्या डागांची लाज मुलाच्या मनांत उतरूं न देणें हें मात्र आपणां सर्वांचें काम आहे, आणि त्यास कोणत्याही डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाहीं.