दुधी उदंड झाला म्हणून काय झालं?

आमच्या मोरीच्या पाण्यावर आईने दुधीचा वेल लावला. तो मांडवावरून थेट गोठ्याच्या पत्र्यावर चढला. श्रावणापासून रोज दोन-तीन दुधी निघू लागले. घरात आम्ही पाच माणसं! रोज तीच भाजी, म्हणून धाकटा भाऊ ताटावरून उठू लागला. बाजारात नेले, तर एसटीच्या भाड्याइतकेही पैसे आले नाहीत. शेवटी चार दुधी उकिरड्यावर गेले. मला ते बरे वाटले नाही.

माझे मत असे, की दुधी जास्त होत नाही, आपल्याला त्याचे पदार्थ कमी ठाऊक असतात. आजीने दुधी किसून ज्वारीच्या पिठात थालीपिठे लावली. सालीची तीळ-मिरची घालून चटणी केली. गूळ घालून खीर केली. भाऊ आता मागून खातो! मात्र आधी लहानसा तुकडा चाखावा. कडू लागला तर सबंध दुधी टाकावा, तो विषारी असतो. कोवळा असतानाच तोडावा. जून फळे वेलावर राहिली की नवी कमी धरतात. बियांसाठी एकच राखावा.

तरी उरले तर शेजारी द्यावेत. मला आधी लाज वाटायची. मुले 'दुधीवाली आली' म्हणून चिडवत. पण परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरं झालं गं, आज घरात भाजीच नव्हती." तेव्हा माझी लाज पळाली.

मित्रांनो, वाटण्यात कसली लाज? लाज टाकण्यात आहे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी