जुन्या उघाडीचे काय?

पेण तालुक्यात डोलवी-वडखळच्या बाजूला राहणाऱ्याला उघाडी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, इतरांसाठी सांगतो. धरमतर खाडीच्या काठाने मातीचे बांध आहेत आणि बांधाच्या आड भातशेती. पावसाचे साचलेले पाणी ओहोटीला बाहेर जावे, पण भरतीचे खारे पाणी आत येऊ नये, यासाठी बांधात ठेवलेले दार म्हणजे उघाडी. नवी उघाडी बसवली की सगळे ती बघायला जातात. जुनी नीट बुजवली का, हे बघायला सहसा कोणी जात नाही, आणि उधाणाचे पाणी शिरायला तेवढे पुरते. मग त्या शेताचे पीक तर जातेच, जमिनीतला खार धुऊन निघायलाही काही पावसाळे जावे लागतात.

हे आठवायचे कारण शेतीचे नाही, संगणकाचे आहे. मी मुंबईतल्या एका कंपनीत संगणकाचे जाळे सांभाळत असे. डोलवीला नव्वदच्या दशकात इस्पातचा पोलाद कारखाना आला, २०१० साली तो जिंदलांच्या जेएसडब्ल्यूकडे गेला, आणि त्या निमित्ताने या पट्ट्यात ट्रक, वजनकाटे, गोदामे वाढत गेली. आमच्या कंपनीचेही एक लहानसे गोदाम इथे होते. तिथली नोंद मुंबईच्या संगणकावर व्हायची, आणि त्यासाठी लागायचा तो ‘रिमोट अ‍ॅक्सेस सर्व्हर’.

नाव भारदस्त असले तरी काम राखणदाराचे. बाहेरगावचा किंवा घरी बसलेला माणूस कंपनीच्या संगणकाशी बोलू पाहतो, तेव्हा त्याचे नाव आणि पासवर्ड यादीत पाहून त्याला आत सोडायचे, इतरांना अडवायचे. पूर्वी हे टेलिफोनच्या तारेवरून आणि किरकिरणाऱ्या मोडेमवरून चाले. पुढे इंटरनेटवरून, ज्याला व्हीपीएन म्हणतात त्या बंदिस्त वाटेने.

आमचा जुना सर्व्हर ज्या विंडोजवर चालत होता, त्या २००८ सालच्या आवृत्तीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली. त्या दिवसानंतर सापडलेले भोक बुजवायला कोणी येणार नव्हते. सगळे जाळेच नवे करायचे ठरले, पैसे मंजूर झाले, आणि मार्च अखेरीस टाळेबंदी आली. जो दरवाजा वीसेक माणसे वापरायची, तिथे एकदम अख्खी कंपनी येऊन उभी राहिली.

तरी मेअखेर नवा सर्व्हर उभा राहिला. यंत्र बसवणे हे यातले सर्वांत सोपे काम, हे मी अनुभवाने सांगतो. नवा पत्ता प्रत्येकाच्या संगणकात घालायचा होता, आणि माणसे विखुरलेली होती नागोठण्यापासून डोंबिवलीपर्यंत. एकेकाला फोन करून ‘आता उजवीकडे वर बघा, काय लिहिलंय?’ असे विचारायचे. कोणी रेंज मिळावी म्हणून गच्चीवर बसलेले, कोणाचे मूल त्याच लॅपटॉपवर शाळेत बसलेले. शनिवार, ६ जून हा जुना सर्व्हर बंद करण्याचा दिवस ठरला.

बुधवारी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले. रायगडात विजेचे खांब आडवे झाले, घरांवरची पत्रे-कौले उडाली. आमच्या गोदामात वीज नाही, फोन नाही. तिथले चार संगणक नव्या पत्त्यावर नेणे राहूनच गेले. साहेब म्हणाले, ‘आठवडाभर जुना चालू राहू दे.’ मीही मान डोलावली. त्या वेळी ते बरोबरच होते. चूक पुढची. ‘आठवडाभर’ याची तारीख कोणी लिहिली नाही, आणि बंद कोणी करायचा त्याचे नावही. प्रकल्प पूर्ण झाल्याचे पत्र निघाले, पेढे तेवढे टाळेबंदीमुळे राहिले.

वर्ष गेले. ७ मे २०२१ रोजी अमेरिकेतली कलोनियल ही तेलवाहिनी खंडणीखोरांच्या हल्ल्यामुळे बंद ठेवावी लागली. पूर्व किनाऱ्याचे जवळजवळ निम्मे इंधन त्या वाहिनीतून जाते. पंपांवर रांगा लागल्या, आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी भरली. चोर आले कुठून, हे जूनमध्ये बाहेर आले. वापरात नसलेल्या, पण बंदही न केलेल्या एका जुन्या व्हीपीएन खात्यातून! पासवर्ड एवढेच त्याला कुलूप. मोबाइलवर येणाऱ्या दुसऱ्या आकड्याची अट नव्हती.

ते वाचून मी आमच्या जुन्या सर्व्हरची नोंदवही उघडली. रोज रात्री साडेनऊच्या सुमारास एक जण आत येत होता. नाव होते आमच्या गोदामप्रमुखाचे, आणि तो गृहस्थ एप्रिलमध्ये करोनाने गेला होता. नव्या सर्व्हरवरचे त्याचे खाते आम्ही लगेच बंद केले होते. जुन्याची यादी वेगळी, तिथे तो हयात होता.

मी घाबरत गोदामात फोन लावला. कंत्राटावरच्या एका मुलाने उचलला. विचारल्यावर क्षणभर गप्प बसला, मग म्हणाला, ‘साहेब, सरांनीच दिला होता पासवर्ड, आजारी पडले तेव्हा. गाड्यांची नोंद झाली नाही तर ड्रायव्हर रात्रभर बसून राहतात. माझ्या खात्याचा अर्ज तुमच्याकडे पाठवलाय, जानेवारीत.’

शोधला. अर्ज होता. माझ्याच टपालात, पाच महिने न उघडलेला.

त्या रात्री मी जुना सर्व्हर तसाच बंद केला असता तर सुरक्षेचे काम चोख झाले असते आणि महामार्गालगत ट्रक अडकले असते. न करता ठेवला असता तर आज हा मुलगा आला, उद्या कोण आले असते? म्हणून माझे मत असे झाले आहे की सर्व्हर हलवणे म्हणजे मुळात यादी हलवणे. कोणाला आत यायला हवे आणि कोणाला नको, हे नावानिशी वाचायचे; आस्थापना विभाग, गोदाम आणि कंत्राटदार यांना समोर बसवून वाचायचे. ज्याला काम आहे त्याला एका दिवसात स्वतःचे खाते द्यायचे, म्हणजे तो दुसऱ्याची किल्ली वापरणार नाही. कंपन्या नव्या यंत्राला पैसे देतात; जुने बंद करण्याच्या कामाला अंदाजपत्रकात ओळसुद्धा नसते. ठेकेदाराचे शेवटचे बिल नवे सुरू झाले म्हणून निघते. ते जुने बंद झाल्यावर का निघू नये?

कोणी म्हणेल, आता कायदा आहे. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने हुकूम काढला, की घुसखोरी कळल्यापासून सहा तासांत खबर द्यायची आणि नोंदी १८० दिवस जपायच्या. चांगलेच झाले. पण आमच्याकडेही नोंदी जपलेल्या होत्याच की! वर्षभर त्या कोणी वाचल्या नाहीत, एवढेच.

घरीही फार वेगळे नसते. वडिलांचा सोडून दिलेला मोबाइल नंबर बँकेच्या खात्याला अजून जोडलेला असतो, आणि तो नंबर कंपनीने केव्हाच दुसऱ्याला दिलेला असतो. पण ते पुन्हा कधी.

त्या मुलाचे खाते करायला मला दहा मिनिटे लागली. गोदामातले चारही संगणक दुसऱ्या दिवशी नव्या पत्त्यावर गेले, आणि संध्याकाळी जुन्या सर्व्हरची वायर काढली. यंत्र भंगारात दिले. त्यातली डिस्क मात्र आधी काढून घेतली आणि फिटरकडून तिला आरपार भोके पाडून घेतली. ती नावांची यादी तिच्यावर अजून होती.