घड तोडणारा ताळेबंदात कुठे असतो?

रेशनच्या रांगेतले पामतेल जुन्या साथींना आठवत असेल. तेव्हा ते स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत देशात येत असे. १९९४ साली पामोलिनची आयात खाजगी व्यापाऱ्यांना खुली झाली, आणि आज भारत पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे. रांग गेली, पण तेल फरसाणात, बिस्किटात, साबणात आणि स्टेशनबाहेरच्या वडेवाल्याच्या कढईत राहिले. ते पिकवणाऱ्या एका कंपनीविषयी आज लिहायचे आहे. रेल्वे आणि टपाल कामगारांच्या पत्रिकेत मलेशियातल्या मळ्यांचा हिशेब कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईल.

कंपनीचे नाव सायम डार्बी प्लँटेशन. २०२४ पासून तिने एसडी गथ्री असे नाव घेतले आहे. मलेशिया, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन बेटे मिळून साडेपाच लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर तिचे तेलताड उभे आहेत. शेअर बाजाराचे सल्लागार अशा कंपनीचे 'व्यूहात्मक विश्लेषण' करतात. त्यात बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके असे चार रकाने असतात. जमीन, सुधारित बियाणे आणि प्रमाणित 'शाश्वत' तेल बलस्थानांत जाते. कामगार बहुधा शेवटच्या रकान्यात सापडतो, 'मजुरांचा तुटवडा' या नावाने. म्हणजे पाऊस, कीड आणि कामगार एकाच ओळीत!

हा तुटवडा आला कुठून, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ब्रिटिश व्यापारी घराण्यांनी मलायात रबराचे मळे उभे केले ते तमिळ मजुरांच्या जिवावर. मळ्याचा मुकादम, त्याला तिकडे कंगाणी म्हणत, आपल्याच गावची माणसे आणून देई. १९३८ साली भारत सरकारने ही मदतीची मजूरभरती बंद केली. १९५४ मध्ये मळेकामगारांची राष्ट्रीय युनियन उभी राहिली. पुढे रबर जाऊन तेलताड आला, मळेकामगारांची मुले शहराकडे गेली, आणि मजुरी वाढवून त्यांना थोपवण्याऐवजी मालकांनी इंडोनेशिया, बांगलादेश, नेपाळ आणि भारतातून परवान्यावर माणसे आणली. कायद्याने ठरवलेले किमान वेतन मलेशियात पहिल्यांदा लागू झाले ते २०१३ साली. तोवर हा धंदा जगभर पसरलेला होता. तुटवडा आभाळातून पडलेला नाही. त्या मजुरीत स्थानिक माणूस घड तोडायला येत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

काम कसे आहे ते सांगतो. वीस-वीस किलोचे घड, झाड वाढले की लांब नळीला विळा बांधून खालून तोडायचे. प्रत्येक झाडापाशी दहा-पंधरा दिवसांनी परत यावे लागते. तोडलेले फळ चोवीस तासांच्या आत गिरणीत गेले नाही तर तेलातले आम्ल वाढते आणि भाव पडतो. उसाची तोड ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही घाई वेगळी समजावून सांगायला नको. यंत्रे अनेक आली, पण उंच झाडावरचा पिकलेला घड ओळखून तो कापणाऱ्या माणसाची जागा अजून कोणी पुरती घेतलेली नाही. (एका कामाची जागा मात्र एका किड्याने घेतली. १९८१ साली कॅमेरूनहून आणलेला भुंगा परागीभवन करू लागला आणि ते हाताने करणाऱ्या मजुरांचे काम संपले.)

आता २०२० साल पाहा. महामारीत मलेशियाने परदेशी मजुरांची नवी भरती थांबवली. २०१९ मध्ये देशाचे पामतेल उत्पादन १ कोटी ९८ लाख टनांच्या आसपास होते, ते २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ८१ लाखांवर आले. मार्च २०२२ मध्ये भाव टनाला ७,००० रिंगिटच्या वर गेला. भाव इतिहासातला सर्वांत चढा, आणि झाडावरचे फळ उतरवायला माणसे नाहीत. जमीन होती, बियाणे होते, गिरण्या होत्या. ज्या हाताला विश्लेषणात 'धोका' म्हटले होते, त्याच्यावाचून बाकीची बलस्थाने लंगडी पडली.

याच काळात दुसरा तडाखा बसला. ३० डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने सायम डार्बीचे पामतेल बंदरावर अडवण्याचा आदेश काढला. कारण दिले सक्तमजुरीचे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तमजुरीची अकरा लक्षणे ठरवलेली आहेत. पासपोर्ट अडकवून ठेवणे, कर्जात बांधणे, मजुरी रोखणे, धाकदपटशा ही त्यांतली काही. खात्याचे म्हणणे असे की अकराही लक्षणे असल्याची माहिती त्याच्यापाशी आहे. जानेवारी २०२२ मध्ये खात्याने आपला निष्कर्ष पक्का केला. फेरेरोसारख्या चॉकलेट बनवणाऱ्या कंपनीने खरेदी थांबवली.

या सगळ्याच्या मुळाशी होते भरतीचे कर्ज. मायदेशातल्या दलालाला पैसे देऊन मजूर आलेला, ते फिटेपर्यंत त्याला हलता येत नाही. आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराच्या उचलीचाच हा प्रकार. फरक इतकाच की तिथे पैसे मजुरानेच आधी भरलेले असतात. अखेर कंपनीने आजी आणि माजी मिळून सुमारे ३४,००० कामगारांना भरतीचे पैसे परत करण्यासाठी ८ कोटी २० लाख रिंगिट बाजूला काढले. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेने बंदी उठवली. कंपनीने चूक दुरुस्त केली, याचे श्रेय तिला द्यायला हवे. पण २०२१ या एका वर्षाचा तिचा निव्वळ नफा सव्वादोन अब्ज रिंगिटच्या घरात होता. वर्षानुवर्षे माणसांच्या मानेवर बसलेले कर्ज फेडायला त्या नफ्यातले शेकडा चार रुपयेही लागले नाहीत! मग आधीच का फेडले नाही? दुसरे असे की ही कंपनी प्रमाणित 'शाश्वत' पामतेलाची जगातली सर्वांत मोठी उत्पादक म्हणून मिरवत होती. तपासनीस मळ्यात येत होते, शिक्के मारून जात होते.

मला सर्वांत जास्त खटकते ते मालकीचे. हे मळे कोणा परदेशी भांडवलदाराचे नाहीत. ७ सप्टेंबर १९८१ रोजी मलेशियाच्या सरकारी गुंतवणूक संस्थेने, पीएनबीने, लंडनच्या शेअर बाजारात चार तासांच्या आत गथ्री कंपनी ताब्यात घेतली. साम्राज्याचे मळे देशाचे झाले. २००७ साली सायम डार्बी, गथ्री आणि गोल्डन होप एकत्र आल्या आणि २०१७ साली मळ्यांची कंपनी पुन्हा वेगळी काढून बाजारात आणली. आज तिचे निम्म्याहून अधिक शेअर पीएनबी आणि तिच्या बचत योजनांकडे आहेत, आणि आणखी मोठा हिस्सा तिथल्या भविष्य निर्वाह निधीकडे. म्हणजे क्वालालंपूरच्या कारकुनाची आणि शिक्षकाची बचत या कंपनीची मालक आहे. त्या बचतीवर लाभांश मिळत होता, आणि घड तोडणाऱ्याचा पासपोर्ट कुठे आहे हे विचारायला अखेर अमेरिकेचा सीमाशुल्क अधिकारी लागला. तिथली युनियन त्याच्या मागे का उभी राहू शकली नाही? ज्याचा परवाना मालकाच्या हाती आहे, तो माणूस युनियनच्या वर्गणीची पावती फाडताना दहा वेळा विचार करतो. ठेकेदाराकडून येऊन डबे धुणाऱ्या मुलाला सभासद करून घेताना आपल्याला हाच अनुभव येतो. ग्रामीण डाक सेवकाला खात्याचा नियमित कर्मचारी न मानण्याची सोयही याच जातीची.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या नोकरीत लागलेल्या आपल्या साथींचे पेन्शन नव्या योजनेत गेले. तिच्याविरुद्ध आपण लढलो, लढत आहोत. १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड योजनेचा पर्याय आला, तरी पगारातून कापलेला पैसा फंडातच जातो आणि त्यातला काही भाग शेअर बाजारात लागतो. नको असताना का होईना, आपण मालक झालो आहोत. त्या कंपन्यांत ठेकेदारीवर किती माणसे आहेत, त्यांचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो की नाही, कामावर मेलेल्याच्या घरच्यांना काय मिळते, हे आपण कधी विचारले आहे? लाभांश हवा आणि प्रश्न नको, ही क्वालालंपूरची रीत आपणही नकळत उचलली आहे.

पेन्शन फंड आपला पैसा कोणकोणत्या कंपन्यांत गुंतवतात, त्याची यादी प्रसिद्ध होत असते. आपल्या शाखेच्या सभेत ती वाचली गेल्याचे मला आठवत नाही. पुढच्या विभागीय बैठकीत ती मराठीत करून टेबलावर ठेवावी. तीतल्या पहिल्या दहा कंपन्यांतल्या ठेका कामगारांची माहिती महासंघाने फंडांकडे लेखी मागावी, असा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदनासाठी नावे हवी आहेत.